हात धुण्याच्या गाण्याआधी: जंतू कसे पसरतात हे लहान मुलांना टप्प्याटप्प्यानं शिकवताना

वर्गात हात धुण्याचं गाणं तोंडपाठ असतं, हातवारे चोख असतात, आणि खिचडी वाढायच्या वेळी तीच पोरं बोटांची टोकं पाण्याखाली धरून चड्डीला पुसतात. कोल्हापूर शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या अंगणवाड्या-बालवाड्यांत हे इतकं सर्रास दिसतं की मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. चूक क्रमाची आहे. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे मुलानं कधी पाहिलेलंच नसतं आणि आपण थेट साबणावर येतो. मग हात धुणं म्हणजे बाई बघत असल्या की करायची कवायत, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं.

खालचा क्रम ३ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या बाई, पहिली-दुसरीचे शिक्षक यांना तो वर्गात वापरता येईल. घरी एक-दोन मुलांना शिकवायचं असेल तर सामान कमी लागेल, क्रम तोच. एका दिवशी एकच टप्पा घ्या. पंधरा मिनिटांपुढे या वयाची मुलं बसत नाहीत, आणि दोन टप्पे एकत्र केले तर दोन्ही वाया जातात.

## तयारी: धड्याच्या आधी नळ बघा

सगळ्यात जास्त वर्ग इथंच फसतात. धडा उत्तम होतो आणि मुलं उठून हात धुवायला जातात तेव्हा नळ त्यांच्या डोक्यावर असतो, साबण कपाटात असतो आणि पाणी सकाळीच येऊन गेलेलं असतं. म्हणून आदल्या दिवशी एवढं बघून ठेवा:

- नळाखाली पक्का पाट किंवा वीट-फरशीची पायरी आहे का? सर्वांत बुटक्या मुलाला उभं करून बघा, त्याची कोपरं नळाच्या खाली पोचली पाहिजेत.
- नळ ठरावीक वेळीच येत असेल तर झाकणाची, खाली तोटी असलेली टाकी किंवा पिंप उंचावर ठेवा. तेही नसेल तर एकानं तांब्यानं पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं धुवायचं. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवणं मात्र बंद. पहिल्या पाच मुलांचे जंतू सहाव्याला आयते मिळतात.
- साबणाची वडी जाळीदार थैलीत किंवा जुन्या पातळ मोज्यात घालून नळाला बांधा. हातातून निसटत नाही, चिखलात पडत नाही आणि घरीही जात नाही.
- हात पुसायला काय? वर्गाचा एकच टॉवेल असेल तर तो काढून टाका. ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात, त्यामुळे पुसणं गरजेचं. पण प्रत्येकाचा वेगळा रुमाल नसेल तर हात झटकून वाळू द्यावेत, ते बरं.

प्रयोगाचं सामान घरातलंच: तांदळाची पिठी, हळद, खोबरेल तेल, दोन-तीन काळ्या पाट्या, इस्त्रीवाल्याकडे असते तशी पाणी फवारायची बाटली, दोन काचेचे पेले, मीठ आणि एक बाहुली. बाहुली विसरू नका. आजारी कुणाला तरी ‘करावं’ लागतं आणि ते मूल नको. वर्गात ज्याचं नाक सतत वाहतं त्याला पुढं बोलावून ‘बघा, ह्याच्यासारखं’ म्हणणाऱ्या बाई मी पाहिल्यात. ते पोरगं वर्षभर त्या नावानं ओळखलं जातं.

जपून: रांगोळी किंवा बाजारातला गुलाल वापरू नका. रांगोळीची दगडी भुकटी श्वासात जाते, गुलालात कसले रंग असतील सांगता येत नाही, आणि मुलं हात डोळ्याला लावणारच. पिठीत हळद मिसळली की पुरेसा रंग दिसतो. हळदीचे डाग पडतात, म्हणून पालकांना आदल्या दिवशी ‘उद्या जुने कपडे घाला’ एवढा निरोप द्या.

## टप्पा १: आधी प्रवास दाखवा, जंतूचं नाव नंतर

सुरुवात प्रश्नानं करा. कोल्हापूरच्या मुलांना जोतिबाच्या यात्रेचा गुलाल माहीत असतो. काका डोंगरावरून घरी आले, त्यांनी कुठं कुठं हात लावला, हे कसं कळतं? दाराच्या कडीला गुलाल, तांब्याला गुलाल, उशीला गुलाल, आणि जी आज्जी डोंगरावर गेलीच नाही तिच्या गालालाही गुलाल. मुलं हे भराभर सांगतात. इथं थांबा. जंतू हा शब्द अजून काढायचा नाही.

मग बाहुलीच्या हाताला आणि तुमच्या उजव्या तळहाताला खोबरेल तेलाचं बोट फिरवून त्यावर हळद मिसळलेली पिठी चोळा. तेल नसेल तर कोरडी पिठी लगेच झडते आणि तिसऱ्या हातापर्यंत पोचत नाही; प्रयोग फसण्याचं नेहमीचं कारण हेच. काय लावलंय ते मुलांना सांगू नका. ‘बाहुली शाळेत आली’ म्हणून तिचा हात दोन-तीन मुलांच्या हातात द्या, तिला चेंडू धरायला लावा, दाराची कडी, पाण्याचा पेला, पाटी. तुम्हीही हजेरीची वही आणि खडू घ्या. मग मुलांना दहा मिनिटं नेहमीसारखं खेळू द्या.

दहा मिनिटांनी पिवळं कुठं कुठं गेलं ते शोधायला सांगा. हा भाग घाईत उरकू नका, सगळा धडा यातच आहे. कडीवर सापडतं, चेंडूवर सापडतं, आणि मग कुणीतरी ओरडतं, ‘बाई, ह्याच्या नाकाला!’ ज्यानं बाहुलीला शिवलंच नव्हतं त्याच्या हातावर पिवळं निघालं, तर त्याच्यापर्यंत ते कुठून आलं हे मुलांनाच उलटं शोधत जाऊ द्या.

आता सांगा: ‘पिवळं दिसतंय म्हणून सापडलं. ज्यानं आपण आजारी पडतो ते जंतू इतके बारीक असतात की दिसतच नाहीत. पण जातात असेच.’ आणि तीन प्रश्न शिकवा, पुढच्या प्रत्येक टप्प्याला ते लागणार आहेत:

कुठून निघाला? कशावर बसला? कुठून आत गेला?

चूक: जंतूंना शिंगं, सुळे, लाल डोळे काढून भिंतीवर लावणं. तीन-चार वर्षांची मुलं रात्री घाबरतात, आणि मोठी मुलं राक्षस दिसत नाही म्हणजे जंतू नाही, असं धरून चालतात. चित्र हवंच असेल तर साधे ठिपके काढा.

तपासा: दुसऱ्या दिवशी चेंडू दाखवून विचारा, ‘बाहुलीला सर्दी झाली. तुला कशी होईल?’ मुलानं हात, वस्तू आणि नाक किंवा तोंड अशी साखळी कशाही शब्दांत सांगितली तर पुढं चला. ‘बाहुली घाण आहे म्हणून’ असं उत्तर आलं तर हाच टप्पा पुन्हा घ्या.

## टप्पा २: आत शिरायची दारं

हा छोटा टप्पा आहे. पाटीवर मोठा चेहरा काढा आणि जंतू कुठून आत जाईल तिथं मुलांना टिकली लावायला सांगा. डोळे, नाक, तोंड. बरीच मुलं कानाला आणि पोटाला लावतात. काढून न टाकता ‘तिथून कसा जाईल?’ एवढंच विचारा. खरचटलेल्या गुडघ्यावर कुणी टिकली लावली तर त्याचं कौतुक करा, त्याचं बरोबर आहे.

धडधाकट कातडीतून सहसा जंतू आत जात नाहीत, हेही सांगून टाका. नाहीतर टप्पा १ नंतर काही मुलं कुठंच हात लावायला तयार होत नाहीत.

डोळे येण्याची साथ असेल तर एक गैरसमज इथंच काढा: डोळे आलेल्याकडे बघितल्यानं आपले डोळे येत नाहीत. त्याचा रुमाल, टॉवेल, उशी किंवा हात आपल्या डोळ्यापर्यंत पोचला तर येतात. काळा चष्मा लावून हात न धुता फिरणारी मोठी माणसं घरोघर असतात. मुलांनी त्यांना हे सांगितलं तर बरंच होईल.

## टप्पा ३: आता साबण

आदल्या दिवशी स्वतःच्या हातावर करून बघा, मगच वर्गात. दोन चमचे खोबरेल तेलात पाव चमचा हळद कालवा. प्रत्येकाच्या तळहातावर एकच थेंब, आणि तो हाताच्या पुढं-मागं चोळायला लावा.

पहिल्यांदा नुसत्या पाण्यानं धुवायला सांगा. तेल तसंच राहतं, पाणी त्यावरून ओघळून जातं. मुलांना हात एकमेकांवर घासून बघू द्या. ‘अजून बुळबुळीत आहे’ हे त्यांनीच म्हटलं पाहिजे.

मग साबण. साध्या वडीचा साबण लागला की हळद लालसर होते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर होतं तसंच. कारण हळद अल्कधर्मी पदार्थात लाल होते आणि वडीचा साबण अल्कधर्मी असतो. बाटलीतल्या बऱ्याच हँडवॉशनं हे होत नाही, म्हणून वडीच घ्या. शिकवायला याचा मोठा उपयोग असा की जिथं लाल झालं तिथं साबण पोचला आणि जिथं पिवळंच राहिलं तिथं पोचला नाही, हे मूल स्वतः बघतं. अंगठ्याचा बुंधा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि हाताची मागची बाजू बहुतेकांची पिवळीच राहते.

आता क्रम शिकवा: तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मुठीत मूठ अडकवून बोटांची पाठ, अंगठे, तळहातावर नखं, शेवटी मनगट. चोळणं एकूण २० सेकंद. लहानांनी एक ते वीस सावकाश मोजावं. दुसरीतल्यांनी ‘बे एके बे’पासून ‘बे दाहे वीस’पर्यंत शांतपणे म्हणावं, साधारण तेवढाच वेळ जातो. तोवर नळ बंद. पाणी सोडून ठेवायला आपल्याकडे ते कुठं धो धो वाहतंय!

गरम पाणी लागत नाही. ‘जंतुनाशक’ असं लिहिलेला महाग साबणही नको, साध्या वडीनं काम होतं. साबण तेल आणि मळ पकडतो, त्याबरोबर जंतू सुटे होतात आणि पाण्यानं वाहून जातात. काही विषाणूंचं चरबीचं आवरणही तो फोडतो. मुलांना एवढंच सांगा: साबण पकडतो, पाणी नेतं.

तपासा: धुतलेली बोटं पांढऱ्या कागदावर दाबा. तेलकट डाग उमटला तर परत धुवायचं. हळदीची फिकट छटा नखांवर एक-दोन दिवस राहतेच, ती चूक धरू नका. नाहीतर एखादं पोर कातडी लाल होईपर्यंत घासत बसतं.

चूक: पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट लावायचं आणि ‘बघा, जंतू पळाले’ म्हणायचं, हा प्रयोग हल्ली सगळीकडे चालतो. मिरपूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण कमी झाल्यामुळे. मुलाला मात्र असं वाटतं की साबणाचं बोट नुसतं टेकवलं की झालं, चोळायला नको. गंमत म्हणून करा, जंतूंसाठी करू नका.

हात कधी धुवायचे याची आठ-दहा प्रसंगांची यादी भिंतीवर असते आणि मुलांच्या ध्यानात एकही राहत नाही. पहिल्या महिन्यात दोनच वेळा पक्क्या करा: खायच्या आधी आणि शी झाल्यावर. त्या अंगवळणी पडल्या की नाक शिंकरल्यावर, मग कुत्रं-म्हैस-शेळीला हात लावल्यावर. घरोघरी जनावरं असलेल्या गावांत ही शेवटची वेळ विसरून चालत नाही.

नखं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी देतात, त्या आठवड्यात हा टप्पा पुन्हा घेतला तर फायदा होतो. गोळीनं जंत जातात, पण नखातून अंडी पुन्हा पोटात गेली तर परत होतात, हे पालकांनाही त्याच वेळी सांगता येतं.

सॅनिटायझर या वयाला शिकवू नका. मातीनं, तेलानं माखलेल्या हातावर तो नीट चालत नाही, जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर कमी पडतो, आणि मुलं तो तोंडात घालतात. प्रवासात वापरायचाच तर मोठ्यांनी ओतून द्यावा आणि हात वाळेपर्यंत चूल-गॅसपासून दूर राहावं.

## टप्पा ४: शिंक आणि खोकला

काळी पाटी उभी धरा. हातभर अंतरावरून बाटलीनं एकदा फवारा. पाटीवर किती थेंब आले ते मुलांनी जवळून बघायचं. मग दोन पावलं मागं जाऊन फवारा. थेंब कमी, पण काही पोचतातच. आता बाटलीच्या तोंडासमोर वाकवलेलं कोपर धरून फवारा. पाटी कोरडी आणि बाही ओली.

त्यानंतर तळहात आडवा धरून फवारा. पाटी कोरडीच राहते आणि मुलं ‘हेही चालतंय’ म्हणतात. त्या ओल्या हातानं लगेच कडी धरा, खडू उचला, बाहुलीचा हात धरा. तीन प्रश्न विचारा. तळहातात शिंकू नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

पंखा लावून एकदा फवारलं तर बारीक तुषार किती लांब जातात तेही दिसतं. खिडक्या का उघडायच्या, याचं उत्तर तिथंच मिळतं.

जपून: बाटली मुलांच्या तोंडावर कधीच नाही, थट्टेतही नाही. ती बाटली कीटकनाशकाची किंवा फरशीच्या औषधाची जुनी नसावी, नवीच घ्या.

रुमालाचं काय करायचं ते ठरवा. सदऱ्याला पिन लावलेला एकच रुमाल नाकाला, तोंडाला, हाताला आणि डब्याला चालतो, तेव्हा आपण दिवसभर जंतू गोळा करून ते डब्यापर्यंत पोचवत असतो. रुमाल दोन हवेत: नाकाचा खिशात, हाताचा दप्तरात. वेगळ्या रंगांचे असले तर तीन वर्षांचं मूलही गोंधळत नाही. रोज धुवून, उन्हात वाळवून.

## टप्पा ५: पाणी, माशी आणि खाऊ

काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या आणि एकात मुलांच्या नकळत चमचाभर मीठ विरघळवा. कोणत्या पाण्यात काहीतरी आहे? बघून कुणालाच सांगता येत नाही. चव तुम्ही घ्या आणि तोंड वाकडं करा. मुलांना चाखायला देऊ नका. ‘पाणी चाखून तपासायचं’ ही नको ती सवय लागते. सांगायचं एवढंच, की स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असेलच असं नाही. आपल्या जिल्ह्यात इचलकरंजीला २०१२ साली काविळीची मोठी साथ आली ती पाण्यातून. हे मुलांना सांगायची गरज नाही, ‘नळाचं आहे, चालतंय की’ म्हणणाऱ्या मोठ्यांना सांगा.

मुलांनी करायचं काम: माठात हात किंवा पेला बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या, आणि प्रत्येकाला एकदा ओतून घ्यायला लावा. ओगराळ्याची दांडीच पाण्यात पडत असेल तर ते अडकवायला खिळा ठोका.

माशीसाठी वेगळा प्रयोग नको. मैदानात नेऊन पाच मिनिटं माशी कुठं कुठं बसते ते बघायला सांगा: गटार, शेण, मग कुणाच्या तरी खाऊवर. तीन प्रश्न इथंही लागू होतात, फक्त ‘कशावर बसला’चं उत्तर माशीचे पाय असतं.

‘बाहेरचं खायचं नाही’ हे कोल्हापुरात सांगण्यात काही अर्थ नाही. रविवारी रंकाळ्यावर भेळ होणारच. त्यापेक्षा गाडीवर काय बघायचं ते शिकवा: झाकलंय का, समोर गरम करून देतायत का, कापून ठेवलेली फळं उघडी आहेत का, पाणी कशातून काढतायत. सहा वर्षांची मुलं हे फार बारकाईनं बघतात आणि मोठ्यानं बोलूनही दाखवतात, तेवढी तयारी ठेवा.

जपून: डेंग्यूचा विषय याच धड्यात घुसडू नका. तो डास चावून होतो, शिवून नाही, आणि हात धुवून टळत नाही. दोन्ही एकत्र सांगितलं की मुलं डास मारून हात धुतात आणि पाण्याचं पिंप उघडंच राहतं. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा रिकामं करण्याचा, कोरड्या दिवसाचा धडा दुसऱ्या आठवड्यात स्वतंत्र घ्या.

## पहिली-दुसरीसाठी जादा: विरजण

दूध उकळून कोमट झालं की दोन धुतलेल्या वाट्यांत घाला. एकीत अर्धा चमचा विरजण, दुसरीत काही नाही. दोन्ही झाका आणि सहा-सात तासांनी बघा. एकीत दही, दुसरीत दूध. एवढ्याशा विरजणात असं काय होतं? जिवाणू होते, ते वाढले. थोडेसे जंतू पुष्कळ कसे होतात आणि सगळे जंतू वाईट नसतात, या दोन्ही गोष्टी एका वाटीत कळतात. मे महिन्यात मात्र वेळ चुकवू नका, नाहीतर दुसरीही वाटी नासते आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतात. पावाला बुरशी आणण्याच्या प्रयोगापेक्षा हा बरा. ती पिशवी कुणीतरी उघडून हुंगतंच.

## टप्पा ६: आजारी मुलाशी कसं वागायचं

हा टप्पा गाळला तर आधीचे पाच उलटतात. जंतू शिकलेली मुलं पंधरा दिवसांत कुणाला तरी ‘जंतूवाला’ ठरवतात, आणि ते मूल बहुतेक वेळा वर्गातलं सगळ्यात गरीब असतं. ‘त्याला शिवू नको’ हे वाक्य वर्गात कुणीच, कधीच म्हणायचं नाही. त्या शब्दांचा आपल्याकडे काय वापर झाला आहे, हे शाहू महाराजांच्या गावात वेगळं सांगायला नको. म्हणायचं ते असं: ‘त्याला बरं नाही, आज घरी आराम करू दे. आपण आपले हात धुऊ.’

बाहुली पुन्हा घ्या. एकेक गोष्ट सांगा आणि ‘लागतं’ की ‘लागत नाही’ ते मुलांना ठरवू द्या. सर्दी, डोळे येणं, खरूज: लागतं. अंगावरचं कोड, फिट येणं, दमा, चष्मा, पायात बळ नसणं: लागत नाही. कोड आणि फिटबद्दल घरी ऐकलेलं काहीतरी मुलं नक्की बोलतील. रागावू नका, पण उत्तर अर्धवटही सोडू नका.

आणि पालकांशी नियम ठरवून घ्या: ताप, जुलाब, उलट्या, डोळे आलेले किंवा हात-पाय-तोंडाला फोड आले असतील तर मूल घरी. ताप उतरून दिवस गेल्याशिवाय परत पाठवू नये. फोड आणि डोळ्यांच्या बाबतीत डॉक्टर सांगतील तेव्हा. मजुरीवर जाणाऱ्या आईला हे जड जातं, हे खरं आहे. म्हणून नियम सांगतानाच शेजारी कोण सांभाळेल ते विचारून ठेवा, आणि आजारी पडून घरी राहिलेल्या मुलाची हजेरी भरली नाही म्हणून त्याचं बक्षीस कापू नका. शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसापायी तापातली मुलं वर्गात येऊन बसतात.

## उजळणी कधी

सहा टप्पे संपल्यावर पंधरा दिवसांनी न सांगता बघा. खायच्या वेळी नळापाशी उभ्या राहा, काही बोलू नका, फक्त मोजा: किती जणांनी साबण घेतला, किती जणांनी अंगठा चोळला. निम्म्याहून कमी निघाले तर आधी साबण जागेवर आहे का बघा, मग टप्पा ३ परत घ्या.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर टप्पा ३ आणि ५, थंडीत टप्पा ४. पंचगंगेला पूर येऊन गेला असेल, २०१९ आणि २०२१ सारखा, तर शाळा सुरू होताच पहिल्या दिवशी टप्पा ५ घ्या आणि साचलेल्या पाण्यात खेळायचं नाही हे त्यात जोडा: पायाला खरचटलं असेल तर उंदराच्या मुतातले लेप्टो नावाच्या तापाचे जंतू तिथून आत जातात. टप्पा २ मध्ये ज्यानं गुडघ्यावर टिकली लावली होती, त्यालाच हे बाकीच्यांना समजावून सांगायला लावा.